आईला भूमिती येत नसली तरी

कळव्याच्या एका भगिनी विचारतात, ‘मुलगी सातवीत आहे. त्रिकोण काढायचा म्हटला की रडकुंडीला येते. मला शाळेतली भूमिती आठवत नाही आणि हे लोकलने घरी येईपर्यंत नऊ वाजतात. शिकवणी लावावी का?’

ताई, शिकवणीची घाई नको. तिच्याच वर्गातली शेजारची एखादी मैत्रीण बोलवा आणि दोघींत मिळून एकच कंपासपेटी द्या.

एकीने नुसते सांगायचे, दुसरीने काढायचे. ‘पाया ६ सेंटिमीटर, डावीकडे ५० अंशांचा कोन, उजवीकडे ६० अंशांचा.’ सांगणारीने पेन्सिलीला हात लावायचा नाही. मग तिसरा कोन मोजायचा. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, म्हणजे तो ७० भरला पाहिजे. एखाद्या अंशाचा फरक चालेल. उत्तराचा पडताळा कागदावरच मिळतो, त्यासाठी आईला भूमिती यायलाच हवी असे नाही!

फारच फरक आला तर कोनमापक पाहा. त्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात. चुकीची ओळ वाचली की ६० चे १२० होतात. वहीचा कोपरा कोनावर ठेवा. ६० चा कोन त्याहून लहानच दिसला पाहिजे.

पुढे ३, ४ आणि ८ सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण काढायला सांगा. कंपासने काढलेले कंस एकमेकांना भेटणारच नाहीत! का, ते दोघींना शोधू द्या. थोड्या भांडल्या तरी हरकत नाही. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठीच असावी लागते. घराजवळचा दाखला हवा तर पारसिकचा डोंगर आहेच. जुना लोहमार्ग मुंब्र्यावरून वळसा घेतो. १९१६ साली झालेल्या बोगद्याने तो वळसा वाचवला.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. प्रत्येक त्रिकोणानंतर कामांची अदलाबदल झालीच पाहिजे. नाहीतर चटपटीत मुलगी भराभर काढते, दुसरी नुसती उतरवून घेते आणि ‘मला गणित येत नाही’ हे तिच्या मनात पक्के बसते. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या मनातून ते वाक्य अजून गेलेले नाही!

आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटे पुरेत. भाजी निवडत जवळ बसा, पण मध्ये बोलू नका. महिन्याभराने काय फरक पडला ते जरूर कळवा.