विश्लेषण : पतीचे अमेरिकेत निधन, पत्नी भारतात परतली, सोशल सिक्युरिटीचे पैसे कोणाला मिळतात?

समजा, पुण्याचा एक संगणक अभियंता अकरा वर्षे अमेरिकेत नोकरी करतो आहे. एच-१बी व्हिसा, ग्रीन कार्डच्या रांगेत नाव. लग्नानंतर पत्नी एच-४ व्हिसावर तिकडे गेली, तिला चार वर्षे आठ महिने झाले. तीन वर्षांची मुलगी तिथेच जन्मलेली. एके दिवशी त्याचे अचानक निधन होते. पतीच्या व्हिसावर अवलंबून असलेला पत्नीचा व्हिसा आता टिकत नाही. ती मुलीला घेऊन पुण्याला परतते.

अकरा वर्षे त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे पैसे कापले गेले होते. ते कुटुंबाला मिळतील का? उत्तर असे : मुलीला दरमहा मिळत राहतील, पत्नीचे मात्र सहा महिन्यांनंतर थांबतील. फरक फक्त चार महिन्यांचा आहे. तो कसा, हे समजून घेऊ.

पैसे कापले जातात किती?

अमेरिकेत पगाराच्या ६.२ टक्के रक्कम कर्मचाऱ्याकडून आणि तेवढीच कंपनीकडून सोशल सिक्युरिटीत जाते. वर्षाला एक लाख डॉलर पगार धरला, तर दोघांचे मिळून १२,४०० डॉलर. दहा वर्षांचे झाले १,२४,००० डॉलर. एच-१बी असो वा ग्रीन कार्ड, कपात सारखीच. भारतात परतताना ही रक्कम आपल्या पीएफसारखी काढून घेता येत नाही.

मृत्यूनंतर कुटुंबाला काय मिळते?

आपल्याकडच्या कुटुंब निवृत्तिवेतनासारखीच ही सोय आहे. मृत व्यक्तीच्या मूळ निवृत्तिवेतनाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मुलाला वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत मिळते (शाळेत शिकत असेल तर १९ पर्यंत). १६ वर्षांखालील मूल सांभाळणाऱ्या जोडीदारालाही वयाची अट न लावता ७५ टक्क्यांपर्यंत मिळते. मूल मोठे झाल्यावर जोडीदाराचे पैसे थांबतात आणि साठीनंतर पुन्हा सुरू होऊ शकतात. ६० व्या वर्षी घेतले तर ७१.५ टक्के. साठीच्या आत पुनर्विवाह केला, तर तो विवाह असेपर्यंत हक्क जातो. एकूण कुटुंबाला किती मिळेल यावरही कमाल मर्यादा आहे. विवाहाला साधारणपणे नऊ महिने झालेले असावे लागतात; अपघाती मृत्यूत यातून सूट मिळू शकते. हे सर्व नियम पती व पत्नी दोघांनाही सारखेच लागू आहेत.

मग भारतात आल्यावर अडते कुठे?

इथे दोन गाळण्या लागतात. अमेरिकेचा नागरिक नसलेली व्यक्ती सलग सहा पूर्ण महिने अमेरिकेबाहेर राहिली, की तिचे पैसे थांबतात. त्यातून सुटण्याच्या वाटा नागरिकत्वानुसार बदलतात.

भारतीय नागरिकासाठी पहिली गाळणी मृत कर्मचाऱ्याची आहे : त्याची ४० क्रेडिट पूर्ण झालेली असावीत किंवा तो अमेरिकेत एकूण दहा वर्षे राहिलेला असावा. वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट मिळतात, म्हणजे ४० क्रेडिटसाठी किमान दहा वर्षांची नोकरी लागते. तरुण वयात मृत्यू झाल्यास अमेरिकेत राहणाऱ्या कुटुंबाला याहून कमी क्रेडिटवरही लाभ मिळतो. परदेशातील कुटुंबाला मात्र ही सवलत पुरत नाही.

दुसरी गाळणी जोडीदाराची. त्याने किंवा तिने स्वतः अमेरिकेत एकूण पाच वर्षे राहिलेले असावे आणि त्या काळात वैवाहिक नाते असावे. हा काळ सलगच हवा असे नाही. आपल्या उदाहरणातील पत्नी इथेच चार महिन्यांनी अडकली.

मुलीला का मिळतात?

कारण ती जन्माने अमेरिकी नागरिक आहे. या दोन्ही गाळण्या फक्त परकीय नागरिकांसाठी आहेत. ती पुण्यात शिकली तरी तिचे पैसे तिथे येऊ शकतात आणि तिच्या वतीने आई ते स्वीकारू शकते. भारतात जन्मलेल्या, भारतीय नागरिक असलेल्या मुलाला मात्र पाच वर्षांची अट लागते. ती त्याने स्वतः किंवा दोन्ही पालकांनी पूर्ण केलेली असावी लागते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे इथे लाभ घेणाऱ्याचे नागरिकत्व पाहिले जाते. पती अमेरिकी नागरिक झाला होता, पण पत्नीकडे भारतीय पासपोर्ट आहे, तर पत्नीला अट लागू.

ही अट आली कुठून?

१९८३ च्या सोशल सिक्युरिटी सुधारणांतून. जानेवारी १९८५ पासून नव्याने पात्र ठरणाऱ्यांना ती लागू झाली. मायदेशी परतल्यावर लग्न करून किंवा मूल दत्तक घेऊन नवे लाभार्थी तयार होतात, अशी तेव्हाची तक्रार होती. तो आक्षेप चुकीचा नव्हता. पण पतीसोबत अमेरिकेतच संसार केलेली आणि व्हिसा संपला म्हणून नाइलाजाने परतलेली पत्नीही त्याच नियमात अडकते.

जर्मनीची किंवा जपानची नागरिक असलेल्या पत्नीला ही पाच वर्षांची अट लागत नाही. या देशांचे अमेरिकेशी सामाजिक सुरक्षा करार आहेत. भारताचे असे करार जर्मनी, जपान, कॅनडा, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया यांच्याशी आहेत, अमेरिकेशी नाही. त्यावर वर्षानुवर्षे फक्त चर्चा सुरू आहे.

आता काय करावे?

दोघांची अमेरिकेतील ये-जा दाखवणारी कागदपत्रे जपून ठेवा : जुने पासपोर्ट, आय-९४ नोंदी, घरभाड्याचे करार, कर विवरणपत्रे. विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले सोबत असू द्या. सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर खाते उघडून आपली क्रेडिट किती झाली, ते पाहा आणि जोडीदारालाही सांगा.

दुर्दैवाने प्रसंग आलाच, तर अर्ज लांबवू नका. मुलांसाठी मागील साधारण सहाच महिन्यांचे पैसे मिळू शकतात. २५५ डॉलरच्या एकरकमी मृत्यू लाभासाठी दोन वर्षांची मुदत आहे. भारतातून अर्ज करायचा असल्यास अमेरिकी दूतावासांमार्फत चालणाऱ्या फेडरल बेनिफिट्स युनिटशी संपर्क साधावा. लाभ सुरू झाल्यावर दर एक-दोन वर्षांनी प्रश्नावली येते. ती भरून पाठवली नाही, तर पैसे थांबतात. भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाच्या रकमेतून साधारण २५.५ टक्के अमेरिकी कर कापला जातो, हेही हिशेबात धरा.

करार हवाच

माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर अमेरिकेतला पगार, घराचे हप्ते, ग्रीन कार्डची रांग यावर रोज चर्चा होते. 'मी गेलो तर घरच्यांचे काय' हा प्रश्न कोणी काढत नाही. तो काढायला हवा. आणि फक्त घरात नव्हे, दोन्ही सरकारांच्या चर्चेतही. व्यापार करारांच्या वाटाघाटीत शुल्काइतकेच वजन या कराराला मिळाले पाहिजे. पगारातून पैसे कापताना कोणाचे नागरिकत्व विचारले जात नाही. ते त्याच्या पश्चात देतानाच का विचारले जावे, हा प्रश्न भारताने ठामपणे मांडण्याची वेळ आली आहे.