बातमीचं भाडं कोणी भरलं?



बियाण्याची पिशवी घेताना आपण ती उलटून पाहतो. लॉट नंबर, उगवणशक्ती, तारीख. बातमी मात्र तशीच घेतो आणि चावडीवर पेरून मोकळे होतो.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी टाइम्स ऑफ इंडियाच्या नागपूर आवृत्तीत पानभर मजकूर आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या गावांत बीटी कापसाने सोनं पिकवलं, तिथे आत्महत्या नाहीत, असं त्यात होतं. २८ ऑगस्ट २०११ रोजी त्याच वर्तमानपत्रात तोच मजकूर पुन्हा छापला. या खेपेला तो कंपनीचा जाहिरात-मजकूर होता, आणि ती खूण बारीक अक्षरांत होती. मे २०१२ मध्ये पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त हे मांडलं. पहिल्या बातमीसाठी पत्रकारांचा दौराही कंपनीनेच घडवला होता. भांबराजाच्या लोकांनी तर गावात चौदा आत्महत्या झाल्याचं सांगितलं.

आता दुसरी बाजूही तपासू. आत्महत्या बीटीमुळेच सुरू झाल्या, असं लिहिणारेही कमी नाहीत. बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ मध्ये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे शेतकरी आत्महत्यांचे आकडे १९९५ पासून आहेत. बियाणं येण्याआधीचे ते मृत्यू कोणाच्या खात्यावर टाकायचे? एकाने आपला बाजार राखला, दुसऱ्याने आपलं मत. कर्ज, भाव आणि पावसाचा खंड दोघांच्याही पानावर मावला नाही.

कृषी महाविद्यालयात आम्हाला एक गोष्ट घोटवून घेतली होती. एकरी उतारा सांगायचा तर जमीन कोणती, पाणी किती, खत किती आणि शेजारच्या साध्या वाफ्याचा उतारा किती, हेही सांगावं लागतं. बातमीलाही हेच माप लावा. आकडा कोरडवाहूचा की ओलिताचा? तो मोजला कोणी? शेतकऱ्याचं नाव-गाव आहे का? बातमीदाराच्या गाडीचं भाडं कोणी भरलं? आपल्या बाजूची बातमी असेल तर हे प्रश्न दोनदा विचारा, कारण आवडती बातमी आपण तपासत नाही.

ओलिताचा उतारा वाचून कोरडवाहू रानात पैसा ओतला, तर नुकसान छापणाऱ्याचं होत नाही. सावकाराच्या दारात आपण उभे राहतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एक कात्रण आणावं. सगळे मिळून उलटून पाहू.