परळमधलं मार्माइट

जाहिरातीत पावडर दुधात ढवळली की मुलगा दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढतो, कारण म्हणे तिच्यात जीवनसत्त्वं आहेत. जीवनसत्त्वांतून एक कॅलरीसुद्धा मिळत नाही. जिना चढायची ऊर्जा येते भाकरीतून, डाळीतून, तेलातुपातून. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅममागे ४ कॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ ९. मग जीवनसत्त्वं नसली तर काय बिघडतं?

हे परळच्या गिरणगावाने फार जवळून पाहिलंय. लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात भयंकर पांडुरोग व्हायचा, काही त्यात दगावायच्याही. लोह कमी पडलं तर तांबड्या पेशी लहान होतात. इथे उलटंच होतं: पेशी थोड्या, पण फुगलेल्या. विल्सबाईंनी आधी जंतूंचा माग काढला, हाती काही लागलं नाही. मग त्यांनी या बायकांच्या ताटात पाहिलं. फळं नाहीत, पालेभाजी नावाला. खात्यापित्या घरांत हा आजार क्वचित दिसायचा.

यकृताच्या अर्काने गुण येई, पण तो महाग. तेव्हा बाईंनी यीस्टपासून बनवलेलं मार्माइट देऊन पाहिलं. खारट, काळपट, चव अशी की इंग्रजांतही त्यावरून भांडणं होतात! पण रोगी उठून बसले. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं. पुढे दशकभराने मार्माइटमधलं ते गुणकारी द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं, आज त्या जीवनसत्त्वाला फोलिक आम्ल म्हणतात.

नवी पेशी घडताना डीएनए तयार व्हायला ते लागतं. ते नसेल तर पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही, म्हणून फुगते. पोटात बाळ असताना पेशींची केवढी घाई! तरी रोजची गरज ग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी. माठ, पालक, हरभरा, चवळी यांतून ती भागते. मात्र भाजी शिजवून पाणी ओतून दिलं तर फोलिक आम्लाचा बराच भाग त्याबरोबर जातो. ते पाणी आमटीत घालावं.

आशाताई गरोदर बाईला लाल गोळी देतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं. तिची जाहिरात मात्र कुणी करत नाही.