शाळेचे ग्रंथालय आणि आपल्या मुलांचा हक्क



आपल्या गावच्या अथवा वस्तीच्या प्राथमिक शाळेत ग्रंथालय आहे काय, असे मी विचारले तर आपणांपैकी बहुतेक जण 'आहे' असे उत्तर द्याल. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट असते व त्यात पुस्तके असतात, हे आपण पाहिलेले असते. परंतु मी दुसरा प्रश्न विचारतो. त्या कपाटातील एखादे पुस्तक गेल्या महिन्यात आपल्या मुलाच्या दप्तरातून आपल्या घरी आले काय? हे उत्तर देताना आपण थबकाल. ह्या दोन उत्तरांमध्ये जे अंतर आहे, त्याविषयी आज मला आपणांशी बोलावयाचे आहे.

मी स्वतः एका खेड्यातील प्राथमिक शाळेत शिकलो. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेतून त्या काळी प्राथमिक शाळांना पुस्तके व शैक्षणिक साहित्य मिळत असे. आमच्या शाळेतही पुस्तकांची एक पेटी आली. तपासणीसाठी साहेब यावयाचे असले म्हणजे टेबलावर धुतलेली चादर अंथरून त्यावर ती पुस्तके मांडली जात. साहेबांची जीप दृष्टीआड झाली की ती पुन्हा कपाटात जात व कपाटाला कुलूप लागे. चौथी उत्तीर्ण होऊन मी ती शाळा सोडली, तोपर्यंत त्यांतील एकही पुस्तक मी घरी नेले नव्हते. वाघाचे चित्र असलेल्या एका पुस्तकाचे मुखपृष्ठ मला आजही आठवते. आत काय होते ते मात्र मला कधीच कळले नाही.

आमचे गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांनी आम्हांला मायेने शिकविले. पण शाळेची पुस्तके जडसंग्रह नोंदवहीत बाके, घंटा आणि खुर्च्या ह्यांच्या पंक्तीला नोंदलेली होती. पुस्तक हरवले किंवा फाटले तर जाब आपणांस द्यावा लागेल, ही भीती त्यांच्या मनात होती. खुर्ची जशी मोजून ठेवायची तसे पुस्तकही मोजून ठेवायचे, असा त्याचा परिणाम झाला. पुढे वकिलीच्या व्यवसायात पडल्यावर मला उमगले की, मुलांचा हक्क हिरावून घेण्यासाठी दर वेळी कोणाचा द्वेष लागतोच असे नाही. एक नोंदवही आणि एक किल्लीदेखील त्याला पुरते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००२ सालच्या घटनादुरुस्तीने संविधानात २१-क हे कलम आले व ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यानुसार बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. शाळेत किमान काय असलेच पाहिजे, हे त्या अधिनियमाच्या अनुसूचीत सांगितले आहे. वर्गखोल्या, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहे ह्यांच्या जोडीने तेथे ग्रंथालयाचाही उल्लेख आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यातून वर्तमानपत्रे, नियतकालिके व सर्व विषयांची पुस्तके उपलब्ध व्हावीत आणि त्यांत गोष्टींची पुस्तकेही असावीत, असा त्या तरतुदीचा आशय आहे. उपलब्ध होणे ह्याचा अर्थ मुलांच्या हाती पडणे, असाच केला पाहिजे. कुलपात ठेवलेली वस्तू उपलब्ध असते, असे कोणता विवेकी मनुष्य म्हणेल?

कागदावरचा हक्क व प्रत्यक्षातला हक्क ह्यांतील हा फरक आपल्या समाजाला नवा नाही. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादी ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले ह्यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडला व तो संमत झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. परंतु त्या ठरावाने कोणाच्या ओंजळीत पाण्याचा एक थेंबही पडला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. शाळेच्या कपाटाची गोष्ट तळ्याइतकी दारुण नाही, हे मी जाणतो. तेथे कोणी लाठ्या घेऊन उभा नाही. पण हक्क वापरल्यावाचून तो हक्क होत नाही, हा महाडचा धडा येथेही तितकाच लागू आहे.

आपणांपैकी काही पालक म्हणतील, 'वकीलसाहेब, आमच्या मुलांना आधी परीक्षेत गुण मिळू द्या. गोष्टींची पुस्तके ही सुखवस्तू घरांची चैन आहे.' हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. 'असर' ह्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ज्याला सरळ वाचता येत नाही त्याने गणिताचे उदाहरण कसे समजून घ्यावे? इतिहास कसा शिकावा? वाचन हे पोहण्यासारखे आहे. पाण्यात उतरल्यावाचून ते येत नाही, आणि एका पाठ्यपुस्तकात जेमतेम घोटाभर पाणी असते. सुखवस्तू घरातील मूल शाळेत पुस्तक मिळाले नाही तरी दुकानातून ते मिळविते. आपल्या मुलांच्या वाट्याला शाळेचे कपाट आले आहे. म्हणून ते कपाट उघडणे आपणांला इतरांपेक्षा अधिक अगत्याचे आहे. ह्या वाचनाला आपण 'अवांतर' म्हणतो, तो शब्दच आता आपण टाकून द्यावा.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. त्यांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१० पासून त्यांनी संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. पेट्यांतून खेड्यापाड्यांत जाणारी फिरती ग्रंथालयेही त्यात होती. शाळेत मिळविलेली अक्षरओळख पुस्तकांवाचून टिकत नाही, हे त्या राजाला कळले होते. मद्रासचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हे त्यांतील पहिले. ह्या पहिल्याच सूत्राचा भंग आज आपल्या कित्येक शाळांत होत आहे.

वेळेवर हाती पडलेले एक पुस्तक काय करू शकते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. विद्यार्थिदशेत असताना कृष्णराव अर्जुन केळुसकर ह्यांनी बाबासाहेबांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाच्या संदर्भात बाबासाहेबांनी स्वतः ती आठवण नमूद केली आहे. ते पुस्तक जर केळुसकरांच्या कपाटातच राहिले असते तर?

आता पुस्तके कोणती असावीत, ह्याविषयी. आपल्यातील नवदीक्षित कुटुंबांना एक चिंता असते. शाळेच्या संग्रहात चमत्काराच्या, नवससायासाच्या कथा असतात; त्या आपल्या मुलांनी का वाचाव्यात? ही चिंता मला समजते. पण अशी पुस्तके काढून टाकण्याची मागणी आपण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. पारखण्याची सवय लावावयाची तर मुलापुढे पुष्कळ पुस्तके असली पाहिजेत. आपली मागणी वगळण्याची नसावी, भर घालण्याची असावी. जोतीराव, सावित्रीबाई, शाहू महाराज व बाबासाहेब ह्यांची चरित्रे तेथे असावीतच. परंतु केवळ चरित्रेच असावीत, असाही हट्ट नको. आठ वर्षांच्या मुलीला बेडकाची, समुद्राची, ताऱ्यांची, खोडकर भावंडांची गोष्टही हवी असते. तिला हसू येईल असे पुस्तक दिले, तर विचार करावयास लावणारे पुस्तक ती पुढे आपण होऊन मागेल. अशी पुस्तके दुर्मिळ वा महाग नाहीत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके मराठीत अल्प किमतीत मिळतात.

आणि पैसा? २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांच्या ग्रंथालयांसाठी शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद करण्यात आली. तेव्हा ग्रंथालय मागणे म्हणजे कोणाकडे दान मागणे नाही.

महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ह्यांच्या जयंतीदिनी, वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. दिवस चांगला आहे. पण वर्षातून एक दिवस जेवून कोणी पोसला जात नाही. आपण शाळेकडे पुढील गोष्टी मागाव्यात. आठवड्याच्या वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला वाचनाचा एक निश्चित तास असावा. त्या तासाला मुलांनी स्वतः पुस्तक निवडावे व घरी न्यावे. पहिली-दुसरीच्या मुलांना शिक्षकांनी किंवा वरच्या वर्गातील मुलांनी मोठ्याने वाचून दाखवावे. उन्हाळ्याच्या सुटीत कपाट बंद न राहता प्रत्येक मुलाला दोन-तीन पुस्तके मिळावीत. पुस्तक फाटले म्हणून मुलाला शिक्षा होऊ नये. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्यांना अधिनियमाच्या कलम १७ ने बंदी केलीच आहे. आणि कोणते पुस्तक कोणी नेले, ह्याची देवघेव नोंदवही मुलांनीच ठेवावी.

ह्या शेवटच्या गोष्टीवर मी विशेष भर देतो. जडसंग्रह नोंदवही शाळेत किती पुस्तके आहेत ते सांगते. किती वाचली गेली ते देवघेव नोंदवही सांगते. आपण शाळेत जाल तेव्हा ही दुसरी वही पाहावयास मागा. ती कोरी असेल, तर त्याहून मोठा पुरावा मला कोणत्याही न्यायालयात नको.

मागावयाचे कोठे, हेही सांगतो. कलम २१ प्रमाणे सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या सभासद स्त्रिया असतात आणि वंचित गटातील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. धर्मांतरामुळे हा हक्क जातो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध धम्मात आलेल्यांनाही अनुसूचित जातींत स्थान दिले आहे. शाळा विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे त्या समितीचे काम आहे. तेथे ग्रंथालयाचा विषय लेखी मांडा व तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. खर्चाचा हिशेब मिळत नसेल तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने १० रुपये शुल्क भरून तो मागा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही शुल्क नाही, आणि ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. तरीही दाद लागली नाही, तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा असे कायदा सांगतो व त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

मात्र गुरुजींशी वैर धरून हे काम करू नका. नोंदवहीची भीती त्यांनाही आहे. वापराने जीर्ण झालेल्या पुस्तकासाठी शिक्षकाला जबाबदार धरू नये, असा ठराव समितीत आपणच पुढाकार घेऊन मांडा, म्हणजे किल्ली आपोआप सैल होईल.

शेवटी आपल्या घराकडे वळू. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर ग्रंथांची केवढी विक्री होते, ते आपण पाहता. दुसरा कोणता समाज आपल्या महापुरुषाला अभिवादन करून येताना पुस्तकांची ओझी घेऊन येतो? परंतु त्या ओझ्यात मुलांसाठी किती पुस्तके असतात? आणि आणलेला ग्रंथ आपण तसबिरीशेजारी ठेवून त्याला मुलाचा हात लागू देत नसू, तर शाळेच्या कपाटाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आपणांस कितपत उरतो? रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास मुलांना पुस्तक वाचून दाखविण्याचा नियम करा. ज्या आईबापांना वाचता येत नाही त्यांनी मुलाकडून वाचून घ्यावे. ऐकणाराही त्या वाचनाचा भागीदार असतो.

तेव्हा वाचकहो, येत्या आठवड्यात एक दिवस आपली मजुरी किंवा कचेरी थोडी उशिरा गाठा आणि मुलाचे बोट धरून शाळेत जा. नम्रपणे नमस्कार करा, देवघेव नोंदवही पाहावयास मागा, आणि परत येताना मुलाच्या हाती एक पुस्तक असल्याशिवाय शाळेची पायरी उतरू नका.

जयभीम.