लोकसंख्या शून्य, तरीही सरपंच

ज्या गावात एकही माणूस राहत नाही, त्या गावाला सरपंच कशाला, असं कुणीही विचारील. पण फ्रान्समध्ये असा सरपंच आहे.

व्हर्दून शहराजवळ फ्लरी नावाचं गाव होतं. १९११ च्या जनगणनेत वस्ती ४२२. बहुतेक शेतकरी, काही लाकूडतोडे. फेब्रुवारी १९१६ मध्ये तोफा जवळ आल्या आणि गाव खाली झालं. त्या उन्हाळ्यात जर्मन आणि फ्रेंच फौजांमध्ये गावाचा ताबा सोळा वेळा बदलला. भिंत म्हणून उभी राहिली नाही.

लढाई संपल्यावर लोकांना परत येऊ दिलं नाही. मातीत न फुटलेले गोळे, विषारी वायू अन् हजारोंची प्रेतं. सरकारने 'लाल पट्टा' आखला, जमिनी ताब्यात घेऊन पाइनची झाडं लावली. गाव मात्र रद्द केलं नाही. फ्लरीसारखी शून्य वस्तीची सहा गावं तिथे आजही कायद्याने गावं आहेत. मतदारच नाहीत, म्हणून सरपंच नेमतो प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर समजा. गंमत अशी, की जिथे माणसं राहतात ती शेजारची दुओमों आणि व्हो ही गावं २०१९ मध्ये एकत्र झाली. फ्लरी वेगळंच राहिलं!

आपल्या महसुली दप्तरातही बेचिराख गावं आहेत. विदर्भात त्यांना रिठं म्हणतात. २०११ च्या जनगणनेत राज्यात अशी ओसाड गावं अडीच हजारांवर निघाली. पण रिठ्याचं शिवार सहसा पडीक नसतं. शेजारगावचा शेतकरी तिथे तूर, ज्वारी काढतो, सातबारा निघतो. गाव मेलं, जमीन जिती आहे. फ्लरीत उलटं झालं. सरपंच आहे अन् नांगर नाही.

मला विचाराल तर यातलं दुसरं नुकसान मोठं. माणसं चार कोसांवर नवं घर बांधतात, मातीला कुठे नेणार? व्हर्दूनच्या जंगलात युद्धानंतर जिथे वायूचे गोळे जाळले, तिथल्या मातीत आर्सेनिक इतकं, की शंभर वर्षांनीही गवत धड उगवत नाही. शेणखत घाला, ताग गाडा, आर्सेनिक कुजून नाहीसं होत नाही. लाल पट्ट्याबाहेर शेती चालते, पण नांगरताना आजही गोळे वर येतात. शेतकरी ते बांधाला ठेवतो अन् सरकारी पथकाला निरोप धाडतो.

मग हा सरपंच म्हणजे फुकटचा खर्च का? मला तसं वाटत नाही. त्या जागेबद्दल सरकारदरबारी बोलायला, जाब द्यायला एक माणूस हवाच. आपल्या रिठ्यांना तोही नाही. कुणी पांढरीवर अतिक्रमण केलं, तर तक्रार कुणी करायची?

फ्लरीत झाडांमधून पायवाटा काढल्यात. दोन्ही बाजूंना खड्डेच खड्डे. जागोजागी छोट्या पाट्या आहेत: इथे पाववाला, इथे लोहार, इथे शाळा, इथे शेतकऱ्याचं घर.