आत्या-आजीच्या त्यागाचे पोवाडे पुरे!

भीमाबाई गेल्या तेव्हा बाबासाहेब जेमतेम पाच-सहा वर्षांचे होते. त्यांना सांभाळले ते आत्या मीराबाईंनी. काशीबाई नावाच्या विधवेचे मूल जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतले; तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. हा वारसा आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. पण आज वस्तीत दुसऱ्याचे लेकरू सांभाळणारी आजी, मावशी, काकू कोणत्या ताणाखाली जगते, यावर आपल्या किती बैठका झाल्या?

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्वाची, म्हणजे फॉस्टर केअरची तरतूद आहे. हे दत्तकविधान नव्हे. बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात राहते आणि त्यासाठी दरमहा निधी देणे हे राज्य सरकारचे काम आहे. महाराष्ट्रात जुनी बालसंगोपन योजनाही आहे. आता तिला सावित्रीबाईंचे नाव दिले आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना १,१०० वरून २,२५० रुपये झाली. म्हणजे दिवसाला ७५ रुपये. त्यात जेवण, वह्या, दवाखाना, कपडे बसवून दाखवा!

प्रश्न फक्त पैशाचा नाही. आईबाप गमावलेले मूल अंथरूण ओले करते, उशाखाली भाकरी लपवते, 'तू माझी आई नाहीस' असे तोंडावर सांगते. ही जखम आहे, खोड नव्हे. पण हे त्या मावशीला सांगायला कोणी येत नाही.

डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या तीन तऱ्हा मांडल्या: हुकूमशाही, सगळेच चालवून घेणारी आणि माया व शिस्तीचा मेळ घालणारी. तिसरी चांगली, हे कोणीही मान्य करील. पण त्यासाठी वेळ लागतो, डोके शांत लागते. चार घरची धुणीभांडी करून आलेली बाई ते कुठून आणणार? मग कधी हात उठतो, तर कधी थकून ती सगळेच सोडून देते. हा तिच्या स्वभावाचा दोष नाही. तिला एकटे पाडणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

'आम्हालाही मारूनच वाढवले, आम्ही बिघडलो का?' असे आपलेच कार्यकर्ते विचारतात. अरे, तुमचे घर तुमचे होते. या मुलाचे एक घर आधीच गेले आहे. प्रत्येक फटका त्याला सांगतो, हेही घर जाणार.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. महागाईला धरून रक्कम आणि ती वेळेवर. मूल घरी येण्याआधी पालकांना प्रशिक्षण. तालुक्याला एक समुपदेशक. आणि कागदपत्रांची मदत. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे वडिलांच्या घराण्यातून काढावे लागतात. बापच नसलेल्या पोराची मावशी ते कोणत्या दारात मागणार? त्या एका कागदावर त्याची शिष्यवृत्ती अडते.

तरुणांनो, आपल्या वस्तीत अशी घरे किती, याची यादी या महिन्यात करा. ती घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, अर्ज भरून द्या, पोच घ्या, उत्तर मिळेपर्यंत उठू नका. त्या बाईला 'देवमाणूस' म्हणून हात जोडणे सोपे आहे. त्याने सरकार सुटते, ती मात्र अडकलेलीच राहते. तिला पोवाडा नको, हक्क हवा.

जय भीम!