टायर, सैतान आणि साक्ष

आमच्या उपनगरांतील धर्मग्रामांतून तरुणांचे जथे दोन-तीन दिवसांच्या मिशन-भेटीला जातात, याचा आम्हांला आनंदच आहे. अंधेरी-बोरिवलीचे तलासरीला, मुलुंड-घाटकोपरचे वाडा ओलांडून जव्हार-मोखाड्याला. आक्षेप आहे तो परतल्यावर रविवारच्या मिस्सानंतर दिल्या जाणाऱ्या साक्षींना. मनोरजवळ बसचा टायर फुटला, सैतानाने वाट अडवली, आम्ही जपमाळ सुरू केली आणि तिसऱ्या रहस्याला देवदूतासारखा मेकॅनिक अवतरला! टाळ्या होतात. (देवदूताशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस झाली, हे मागाहून कळते.) ज्या पाड्यावर ही मंडळी गेली, त्याचे नावही साक्षीत येत नाही.

प्रार्थना करू नका, असे आम्ही म्हणत नाही. रस्त्यात अडकलेल्या चाळीस जणांनी जपमाळ हाती घ्यावी, यापरते स्वाभाविक ते काय? पण झिजून गुळगुळीत झालेला टायर सैतानाने लावलेला नसतो. तो पैसे वाचवणाऱ्याने लावलेला असतो. दिवसभर गाडी हाकलेल्या चालकाला त्याच रात्री पुन्हा स्टिअरिंगवर बसवायचे आणि 'देव सांभाळील' म्हणायचे, ही श्रद्धा कशी? मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे प्रभू येशूला सुचविले कोणी, तेही स्तोत्राचा आधार देऊन? सुचविणारा सैतानच होता, आणि प्रभूने त्याला धुडकावले. शिवाय, टायर फुटूनही आपण वाचलो म्हणून आपण देवाचे लाडके, तर त्याच महामार्गावर प्राणास मुकलेले कोण? शिलोआमचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून पापी होती काय, असे प्रभूनेच विचारले होते.

संत पौलानेही सैतानाने अडवल्याचे थेस्सलनीकाकरांना लिहिले आहे, असे कोणी दाखवून देईल. लिहिले आहे खरे. परंतु तोच पौल रोमकडे जाताना काय करतो, ते 'प्रेषितांची कृत्ये'च्या २७व्या अध्यायात पाहावे. ऋतू सरला आहे, पुढचा प्रवास धोक्याचा, असे तो आधीच बजावतो; शताधिपती मात्र तांडेलाचे आणि जहाजमालकाचे ऐकतो. वादळात पौल खलाशांचा पळून जाण्याचा बेत उघड करतो, उपाशी माणसांना खायला लावतो, देवाचे आभार मानून भाकर मोडतो. अखेर २७६ माणसे माल्टाच्या किनाऱ्याला सुखरूप लागतात.

फादर थॉमस स्टीफन्स तर आपल्या घरचेच. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन सोडून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले आणि १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. दीडशेहून अधिक आजारी, २७ मृत; सुजलेल्या हिरड्या, सुजलेले पाय; वारे, तारे, पक्षी. सारे डोळसपणे टिपलेले. पण प्रवासाला एक पत्र पुरले. लोकांची भाषा आत्मसात करायला उभे आयुष्य लागले, आणि १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. आमच्या साक्षींत हे प्रमाण नेमके उलटे झाले आहे.

मोखाड्याच्या काही पाड्यांवरून आजही पावसाळ्यात आजाऱ्याला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. वेणा सुरू झालेली बाईही त्याच डोलीत येते. तिच्या प्रवासाची साक्ष कोणी मागितली आहे? आमचा तीन तासांचा खोळंबा मात्र वेदीसमोर गाजतो.

पुढच्या जथ्याच्या बैठकीत आम्ही दोनच गोष्टी मांडणार आहोत. टायर पाहायला आणि चालक आदल्या रात्री झोपणार आहे ना, हे विचारायला दोघांनी बसमालकाकडे जावे. आणि परतीच्या बसमध्ये दोन जागा मोकळ्या ठेवाव्यात. मुंबईच्या इस्पितळात तपासणीला यायचे आहे, पण सोबत नाही आणि भाड्याचे पैसे जुळत नाहीत, अशी माणसे तेथील धर्मभगिनींना ठाऊक असतात.